बर्फावरची लाकडी जमीन

हॉकीचा सामना रात्री उशिरा संपतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर बास्केटबॉलचा सामना असतो. मधल्या काही तासांत बर्फ दिसेनासा व्हावा लागतो. प्रत्यक्षात तो कुठंही जात नाही. जेमतेम बोटभर जाडीचा तो थर जिथल्या तिथं गोठलेला राहतो, खालच्या नळ्यांमधून गार द्रव फिरतच असतो, आणि आम्ही त्याच्यावर लाकडाची जमीन अंथरतो. टोरांटोच्या मोठ्या क्रीडागृहांत या कामाला ‘चेंजओव्हर’ म्हणतात. शिकत असताना मी अशा एका टोळीत रात्रपाळी करायचो.

प्रेक्षक बाहेर पडायच्या आतच काम सुरू होतं. रिंगणाच्या दोन्ही टोकांच्या उंच पारदर्शक काचा एकेक करून उचलायच्या, गोलजाळ्या हलवायच्या, जिथं खुर्च्या पुढं आणायच्या तिथल्या कडेच्या भिंती काढायच्या. मग बर्फावर उष्णतारोधक पाट टाकायचे. ते हलके असतात, भराभर पडतात, आणि काही वेळातच पांढऱ्या बर्फाच्या जागी मळकट करडा पृष्ठभाग दिसायला लागतो. नवख्या माणसाला इथं वाटतं, झालं की अर्धं काम. तसं मुळीच नसतं. खरं काम लाकडाचं.

मेपलच्या लाकडाचे हे तुकडे साधारण चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असतात. दोघांनी धरल्याशिवाय एकही हलत नाही. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. चुकीचा तुकडा शेजारी आला तर रंगवलेली रेघ मधेच तुटते. सुरुवात मध्यरेषेपासून होते. पहिली ओळ दोरीत बसली की बाकीच्या तिच्या आधारानं दोन्ही बाजूंना सरकत जातात. एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या खाचेत शिरते, रबरी हातोड्यानं ठोकत फट मिटवायची, मग पिना घालायच्या. मुकादम मागून अनवाणी पायानं चालत यायचा. डोळ्यांना न दिसणारी उंचसखल जागा त्याच्या तळव्याला कळायची. तो थांबला की आम्हीही थांबायचो.

शेवटी बास्केट येतात. चाकांवरचा तो अवजड सांगाडा ढकलत आणायचा, वजनं लावायची, फळी उभी करायची, रिंग जमिनीपासून बरोबर दहा फूट आहे की नाही हे मोजायचं. एवढं झाल्यावर दिवे पूर्ण लावले की ती जागा अशी दिसते, जणू बर्फ इथं कधी नव्हताच. पण टोळीतल्या कुणालाही तसं वाटत नाही. गुडघे टेकून काम केलेल्या माणसाला खालची थंडी ठाऊक असते. बाहेर दमट हवा असेल आणि सामान आणायचे मोठे दरवाजे जास्त वेळ उघडे राहिले, तर दव धरतं. लाकूड ओलं झालं की घसरतं, आणि घसरणाऱ्या जमिनीवर कुणाचा तरी गुडघा जातो. म्हणून दरवाजांवरून आमच्याकडे जेवढी भांडणं होत, तेवढी दुसऱ्या कशावरूनही होत नसत.

टोरांटो हस्कीज या संघाची गोष्ट मला या कामातून समजली. निकालांच्या तक्त्यातून ती नीट कळत नाही.

6 जून 1946 रोजी न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात ‘बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका’ स्थापन झाली. पुढं 1949 मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीगशी एकत्र येऊन हीच संघटना एनबीए झाली. ती उभी करण्यात पुढाकार होता तो मोठमोठ्या इमारतींच्या मालकांचा. त्यांच्याकडे हॉकीचे संघ होते, हजारो खुर्च्या होत्या, आणि हिवाळ्यातल्या कितीतरी रात्री त्या खुर्च्या रिकाम्या राहत. महायुद्ध नुकतंच संपलेलं, परतलेल्या सैनिकांच्या खिशात थोडे पैसे आणि करमणुकीची भूक. विद्यापीठांचे बास्केटबॉल सामने गर्दी खेचतात हे त्यांनी पाहिलं होतं. संघटनेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मॉरिस पोडोलॉफ यांना निवडलं. ते त्या वेळी अमेरिकन हॉकी लीगचेही अध्यक्ष होते. बास्केटबॉल हा हॉकीच्या घरात अशा रीतीनं आला. रिकाम्या तारखा भरायला.

अकरा संघ ठरले. त्यांतले दहा अमेरिकेतले, अकरावा टोरांटोचा. हस्कीजचा कारभार लू हेमन या फुटबॉलमधल्या नावाजलेल्या प्रशिक्षकाकडे होता. इमारत मेपल लीफ गार्डन्स. तिचे सर्वेसर्वा कॉन स्माइथ, आणि त्यांचा जीव हॉकीत. शनिवारची रात्र तर टोरांटोत हॉकीचीच.

हस्कीजच्या वाट्याला आला शुक्रवार. 1 नोव्हेंबर 1946. पाहुणा संघ न्यूयॉर्क निकरबॉकर्स. तिकीट 75 सेंटपासून अडीच डॉलरपर्यंत. वर्तमानपत्रात जाहिरात अशी होती की, हस्कीजचा सहा फूट आठ इंचांचा जॉर्ज नॉस्ट्रँड याच्याहून जो कुणी उंच असेल त्याला प्रवेश मोफत. बास्केटबॉल म्हणजे काय हे ज्या गावाला समजवायचं होतं, तिथं खेळाआधी खेळाडूची उंची विकायला काढावी लागली. त्या रात्री 7,090 प्रेक्षक आले. नव्या खेळासाठी हा आकडा मुळीच वाईट नव्हता.

पहिली बास्केट न्यूयॉर्कच्या ऑसी शेक्टमनची. मध्यंतराला पाहुणे 37-29 असे पुढं होते. हस्कीजचा खेळाडू आणि प्रशिक्षक, दोन्ही एकच, एड सॅडोव्स्की. त्यानं त्या सामन्यात सर्वांत जास्त म्हणजे 18 गुण केले, पण उत्तरार्धात लवकरच पाच फाउल होऊन तो बाहेर गेला. त्याच्या जागी आला नॉस्ट्रँड. तिसऱ्या भागात हस्कीजनी मुसंडी मारली आणि 48-44 अशी आघाडी घेतली. शेवटी निकाल लागला 68-66, न्यूयॉर्कच्या बाजूनं. दोन गुणांचा फरक. एनबीए आजही हाच आपला पहिला सामना मानते.

त्या काळच्या हॉकीच्या इमारतींत बास्केटबॉलची जमीन बर्फावरच पडत असे. आजच्यासारखे जाड उष्णतारोधक पाट तेव्हा नव्हते. थंडी वर यायची, गर्दीच्या उबेनं हवा बदलली की लाकूड ओलसर व्हायचं, खेळाडू घसरायचे. त्या पहिल्या मोसमात संपूर्ण लीगचा हिशेब काढला तर शंभर फेकींत तीसही बास्केट पडलेल्या नाहीत. याची कारणं अनेक. बहुतेक खेळाडू दोन्ही हातांनी, पाय जमिनीला टेकवून फेकत; उडी मारून फेकणारा फिलाडेल्फियाचा जो फुल्क्स हा अपवाद होता, म्हणूनच त्याची सरासरी 23.2 गुणांवर गेली. पण गार हात आणि अविश्वासू जमीन यांचाही त्यात वाटा असणार, असं माझं मत आहे. पायाखालच्या लाकडावर भरवसा नसेल तर माणूस मोकळेपणानं उडी घेत नाही.

हस्कीजचा उरलेला मोसम बघवत नाही. बारा सामन्यांत तीन विजय आणि नऊ पराभव झाल्यावर सॅडोव्स्की गेला. त्याला क्लीव्हलँडला देण्यात आलं. एका सामन्यापुरतं हेमननी स्वतः बाकावर बसून पाहिलं, तोही हरला. डिक फिट्झजेराल्डनं तीन सामने सांभाळले. मग आला रेड रोल्फ, न्यूयॉर्क यँकीजचा एके काळचा बेसबॉलपटू. एका मोसमात चार प्रशिक्षक. रोल्फच्या हाताखाली संघानं 17 सामने जिंकले, 27 हरले. साठ सामन्यांचा एकूण हिशेब: 22 विजय, 38 पराभव.

कॅनडातला संघ म्हणावं तर त्यात कॅनडाचे खेळाडू दोनच: विंडसर गावातून आलेले हँक बियासाटी आणि जीनो सोव्हरन. दोघंही प्रत्येकी सहा सामने खेळले. बियासाटीचा जन्म इटलीतला. पुढं तो फिलाडेल्फियाकडून बेसबॉल खेळला. सोव्हरन इंजिनिअर झाला. आपल्या मातीतल्या पोरांना एवढंच खेळवून टोरांटोच्या लोकांनी संघावर जीव लावावा, ही अपेक्षा चुकीची होती. मला तर या साऱ्या प्रकरणातली हीच सर्वांत मोठी चूक वाटते. प्रेक्षक खेळ शिकतो तो ओळखीच्या माणसाकडे बघत बघत.

आणि त्याच हिवाळ्यात, त्याच छताखाली, टोरांटो मेपल लीफ्स या हॉकी संघानं मॉन्ट्रियलला हरवून 1947 चा स्टॅन्ली कप जिंकला. ज्या घरात आधीपासूनच लाडकं पोर आहे आणि तेही पहिलं आलंय, तिथं नापास झालेल्या पाहुण्याची विचारपूस कोण करणार? हस्कीज संपले. पुढच्या मोसमात त्यांच्यासाठी बर्फावर लाकूड पडलं नाही.

इथवर आलं की लोक म्हणतात, संघ वाईट होता म्हणून बुडाला. हे खरं नाही, आणि याचा पुरावा त्याच तक्त्यात आहे. त्या मोसमात पूर्व विभागात तळाशी दोन संघ होते. दोघांचेही आकडे तेच: 22 विजय, 38 पराभव. एक टोरांटो हस्कीज. दुसरा बॉस्टन सेल्टिक्स.

सेल्टिक्सची सुरुवातही काही थाटाची नव्हती. 5 नोव्हेंबर 1946 ला बॉस्टन अरीनामध्ये घरचा पहिला सामना होता. त्याआधीच्या सरावात चक कॉनर्सनं (हाच पुढं ‘द रायफलमन’ मालिकेमुळं घराघरांत पोहोचला) एक चेंडू फेकला आणि काचेची फळी फुटली. रिंग आणि काच यांच्यामध्ये बसवायचा रबराचा तुकडा कामगारानं घातलाच नव्हता, असं सांगितलं जातं. बॉस्टन गार्डनमधून दुसरी फळी आणेपर्यंत लोक ताटकळले. हा प्रसंग बहुतेक ठिकाणी गंमत म्हणून येतो. मला त्यात गंमत वाटत नाही. रबराचा एक तुकडा विसरणं काय असतं, हे रात्री तीन वाजता हातात पिनांचा डबा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला विचारा.

बॉस्टनची जमीनही टंचाईतून आलेली. युद्धानंतर लांब लाकूड मिळत नव्हतं, म्हणून ओकचे उरलेसुरले छोटे तुकडे आडवे-उभे जोडून पाच-पाच फुटांचे चौकोन केले गेले. असे 247 चौकोन. अँथनी डीनाटाले यांच्या कारखान्यात ते तयार झाले. त्या जमिनीवरची चौकटीची नक्षी पुढं जगप्रसिद्ध झाली. 1999 च्या डिसेंबरपर्यंत तीच जमीन वापरात होती. अर्धं शतक कितीतरी कामगारांनी ती रात्री अंथरली आणि पुन्हा उचलली.

मग फरक कुठं पडला? इमारत ताब्यात असणं एवढंच कारण पुरत नाही. क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि पिट्सबर्ग हे संघ तर इमारत चालवणाऱ्यांचेच होते, आणि तेही हस्कीजबरोबरच एका मोसमात मिटले. बॉस्टनकडे वॉल्टर ब्राउन होता. तोही मूळचा हॉकीचाच माणूस. 1933 मध्ये जगज्जेत्या ठरलेल्या अमेरिकेच्या हॉकी संघाचा प्रशिक्षक. पण त्यानं सेल्टिक्सला रिकाम्या तारखेचं भरताड मानलं नाही. तोटा वाढत गेला, बॉस्टन गार्डनच्या कंपनीला संघ नकोसा झाला, तेव्हा त्यानं लू पीएरी या भागीदाराबरोबर तो स्वतः घेतला आणि चालवण्यासाठी राहतं घर गहाण टाकलं. 1950 मध्ये रेड ऑरबाक प्रशिक्षक म्हणून आला, खेळाडू म्हणून बॉब कूझी आला. पहिलं अजिंक्यपद मिळालं 1957 मध्ये, म्हणजे त्या तळाच्या मोसमानंतर दहा वर्षांनी. 2024 पर्यंत अशी 18 अजिंक्यपदं झाली, एनबीएमध्ये सर्वाधिक.

टोरांटोला पुन्हा संघ मिळायला 1995 साल उजाडावं लागलं. रॅप्टर्स आले, आणि 1 नोव्हेंबर 1996 रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, ते न्यूयॉर्कविरुद्ध हस्कीजचे जुने गणवेश घालून खेळले. 2019 मध्ये रॅप्टर्सनी अजिंक्यपद जिंकलं. मधल्या काळात या शहरात वाढलेल्या दोन पिढ्यांना आपला म्हणावा असा एनबीए संघ नव्हता. आज कॅनडाचे इतके खेळाडू एनबीएत आहेत, की ही गोष्ट तरुण मुलांना खरीच वाटत नाही.

मेपल लीफ गार्डन्सची इमारत अजून उभी आहे. कॉलेज स्टेशनला उतरून कार्लटन रस्त्यानं पूर्वेला चालत गेलं की चर्च रस्त्याच्या कोपऱ्यावर लागते. तळमजल्यावर आता लॉब्लॉजचं किराणा दुकान आहे, वर विद्यापीठाचं क्रीडागृह. दुकानाच्या पंचविसाव्या रांगेत जमिनीवर एक लाल ठिपका आहे. हॉकी खेळली जायची तेव्हाच्या बर्फाचा तो मध्यबिंदू. लोक तिथं थांबून फोटो काढतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना मी आवर्जून तिथं नेतो आणि सांगतो की, हा ठिपका बास्केटबॉलचाही आहे. एनबीएचा पहिला चेंडू याच छताखाली उडाला.

आपल्याकडेही संघ निघतात, मोठ्या नावानं निघतात, आणि दोन-चार वर्षांत त्यांचा गणवेशही कुणाला आठवत नाही. तेव्हा चर्चा होते ती खेळाडूंच्या दर्जाची आणि प्रेक्षकांच्या उदासीनतेची. नवा संघ काढणाऱ्यांना, त्याला पैसे देणाऱ्यांना आणि त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिल्या मोसमाचा तक्ता बघून निकाल देऊ नका. तळाला येऊनही दुसऱ्या वर्षी जमीन अंथरायला सांगणारा कुणी आहे का, तेवढं आधी विचारा. 1947 च्या वसंतात बॉस्टनमध्ये तसा एक माणूस होता. टोरांटोत नव्हता.