अक्षर, आकार आणि संकेत : र. कृ. जोशी यांच्या अक्षरविचाराच्या संदर्भात

कर्वेनगरातील, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकमधील, एका लहानशा छपाईच्या दुकानात मध्यंतरी मी माझ्या एम.फिल.च्या प्रबंधिकेची नवी प्रत काढण्यासाठी गेले होते. प्रबंधिका १९९७ सालची. चकतीवरून चकतीवर उतरवून इतकी वर्षे जपलेली तिची फाईल उघडली, तेव्हा पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस, टिंबे व डॉलरची चिन्हे यांच्या दाट ओळी तेवढ्या होत्या. ‘मॅडम, याचा फाँटच नाहीये,’ असे दुकानातील मुलीने सांगितले. तिचे निदान अचूक होते. त्याचा खरा अर्थ मात्र मला घरी परतताना उलगडला. ही प्रबंधिका संगणकात मराठीत कधी लिहिली गेलीच नव्हती. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविले होते आणि यंत्राच्या लेखी तो सारा मजकूर आरंभापासून रोमनच होता. डोळ्यांना दिसणारे अक्षर आणि यंत्राने साठविलेले अक्षर यांत एवढे अंतर असू शकते, हे साहित्याच्या अभ्यासकाने सहसा लक्षात घेतलेले नसते.

प्रस्तुत लेखात या अंतराचा विचार एका कवी-सुलेखनकाराच्या कार्याच्या आधारे करावयाचा आहे. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८), म्हणजे र. कृ. जोशी, हे सर ज. जी. कलाशिक्षणपरंपरेतून आलेले सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातील कलादिग्दर्शक, अनियतकालिकांच्या चळवळीशी जोडलेले कवी आणि १९८३ ते १९९६ या काळात मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक होते. मराठी वाङ्मयेतिहासात त्यांचा उल्लेख आलाच तर दृश्यकवितेच्या संदर्भात एखाद्या ओळीत येतो. संगणकाच्या इतिहासात तो टंकांच्या संदर्भात येतो. या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत आणि त्या एकत्र वाचल्या पाहिजेत, असे मला वाटते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. देवनागरीचा यंत्राशी संबंध आला तेव्हापासून तडजोड नेहमी लिपीने केली आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा ही अडचण नव्हती. शिळेवर हाताचे वळण जसेच्या तसे उतरते. अडचण शिशाच्या खिळ्यांपासून सुरू झाली. रोमन लिपीच्या खिळ्यांना एक पेटी पुरते. देवनागरीत व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, जोडाक्षरे, वर बसणाऱ्या मात्रा व खाली लोंबणारे उकार हे सर्व मिळून शेकडो खिळे होतात आणि जुळाऱ्याला त्यांच्या अनेक पेट्यांपुढे उभे राहावे लागते. यावर दोन मार्ग निघाले. अखंड पद्धतीत मात्रेसह पूर्ण अक्षर एकाच खिळ्यावर ओतले जाई. डिग्री पद्धतीत अक्षराचे वरचे, मधले व खालचे भाग वेगळे ओतून नंतर जुळविले जात. पहिल्या पद्धतीत अक्षर सुबक येई, पण खिळे वाढत. दुसऱ्या पद्धतीत खिळे घटत, पण मात्रा तुटत आणि शिरोरेषेत फटी दिसत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती बरीचशी या गणितातून सुबकपणाच्या बाजूने बाहेर पडण्याच्या कौशल्यावर उभी आहे. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्या अक्षरांचे वळण पुढे कितीतरी संस्कृत व मराठी ग्रंथांच्या वाचकांना देवनागरीचे स्वाभाविक वळण वाटू लागले.

विसाव्या शतकातील लिपिसुधारणेच्या वादात भाषाभिमान व राष्ट्रीय एकतेची भाषा पुष्कळ आहे. पण प्रश्नाच्या मुळाशी जुळाऱ्याची पेटी आणि टंकलेखनयंत्राची पाटी आहे. टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या घटविण्याचा प्रयत्न केला. सावरकरांनी ‘अि, अी, अु, अू’ अशी अ-ची बाराखडी पुरस्कारिली आणि काही नियतकालिकांनी ती अनेक वर्षे चालविली. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून काढून उजवीकडे नेण्याची शिफारस केली. कारण उघड होते. ‘कि’ उच्चारताना ‘क’ आधी येतो व ‘इ’ नंतर. लिहिताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते, आणि यंत्र तर डावीकडून उजवीकडेच चालते. ही शिफारस टिकली नाही. चारच वर्षांनी ती मागे घेतली गेली. वाचकांच्या डोळ्यांनी ती नाकारली, असेच म्हटले पाहिजे. या सर्व खटाटोपाचा तांत्रिक इतिहास ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरविद्येवरील तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ (भाषा संचालनालय, मुंबई, १९७१) जरूर चाळावा. ज्या ग्रंथाची मराठी विभागांत सर्वाधिक गरज आहे, तोच तेथे क्वचित आढळतो.

र. कृ. जोशी यांनी या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिले. सुलेखनकाराला खिळा ठाऊक नसतो. त्याला बोरू ठाऊक असतो. बोरूची तिरपी कापलेली जीभ, तिचा कागदाशी होणारा कोन, रेघेचा आरंभ, तिचे जाड-बारीक होणे आणि थांबणे यांतून अक्षर घडते. या दृष्टीने पाहता अक्षर म्हणजे कालक्रमाने घडणारी कृती ठरते. जोशींच्या दृश्यकविता आणि प्रेक्षकांसमोर केलेली सुलेखनाची प्रात्यक्षिके या एकाच भूमिकेचा विस्तार आहेत. येथे अक्षर आशयाचे निव्वळ वाहन राहत नाही; त्याचे घडणे हाच आशयाचा भाग होतो. ही भूमिका प्रथमदर्शनी कलावंताची लहर वाटेल. पण संगणकशास्त्रज्ञही त्याच सुमारास जवळजवळ याच ठिकाणी येऊन पोहोचले होते. अमेरिकेतील गणिती डोनाल्ड क्नूथ यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ‘मेटाफाँट’ या आज्ञावलीत अक्षराचे चित्र साठविले जात नाही. कल्पित लेखणीचा आकार व तिने आक्रमावयाचा मार्ग यांचे वर्णन साठविले जाते. भारतीय लिपींच्या अक्षररचनेविषयीचा पीयूष घोष यांचा प्रबंध १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून प्रसिद्ध झाला, तोही याच वाटेवरचा. बोरू धरणाऱ्या हाताचे ज्ञान आणि वक्ररेषांचे गणित यांची भेट अशी योगायोगाने झालेली नाही. दोघांनाही खिळ्याच्या चौकटीतून बाहेर पडावयाचे होते.

पुढे मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी जोशी निगडित झाले. अक्षरे रचण्यासाठी ‘विन्यास’ ही आज्ञावली आणि मुक्त परवान्याखाली दिलेला ‘रघू’ टंक या त्या काळातील गोष्टी. त्यांचे सर्वांत प्रसृत काम मात्र ‘मंगल’ हा टंक. विंडोज २००० बरोबर तो लक्षावधी संगणकांवर आपोआप पोहोचला. आयुष्यभर अक्षराला नाचविणाऱ्या या माणसाची ओळख सामान्य वाचकाला व्हावी ती एका अत्यंत संयत, कमी प्रतीच्या पडद्यावरही वाचता यावा म्हणून बांधलेल्या टंकातून, यात थोडा विनोद आहे. शासकीय परिपत्रके वाचणाऱ्यांपैकी कितीजणांना तो टंक एका मराठी कवीच्या हातचा आहे हे माहीत असेल, कोण जाणे.

‘मंगल’ केवळ एक टंक म्हणून महत्त्वाचा नाही. त्याच्यामागे संकेत आणि आकार यांची फारकत उभी आहे. तिची पूर्वपीठिका भारतीयच आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले व १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारलेली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली यांनी एक साधे तत्त्व स्थिर केले : साठवावयाचा तो उच्चाराचा क्रम, आकार टंकाने ठरवावा. युनिकोडने देवनागरीसाठी हेच तत्त्व उचलले. त्यामुळे ‘कि’ साठविताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी असाच क्रम असतो. पडद्यावर मात्र टंकातील नियम वेलांटीला डावीकडे आणून बसवितो. ‘धर्म’ या शब्दात ‘र’ व पाय मोडल्याची खूण ‘म’च्या आधी साठविली जाते आणि रफार होऊन ‘म’च्या डोक्यावर चढते. ‘क्ष’ हा ‘क’, हलन्त व ‘ष’ असा तीन संकेतांचा असतो; त्याचे एकसंध रूप टंक घडवितो. लखनौ परिषदेला जे हवे होते ते यंत्राच्या पोटात अशा रीतीने मान्य झाले आणि कागदावर मात्र काहीच बदलले नाही. शंभर वर्षांचा लिपिसुधारणेचा वाद कोणी जिंकला नाही. त्यामागचे कारणच नाहीसे झाले. खिळे किती, हा प्रश्न आता उरला नाही. टंकात हजार आकार असले तरी जुळाऱ्याचे पाय दुखत नाहीत.

म्हणून सर्व सुरळीत झाले असे नाही. मराठीच्या दृष्टीने काही गोष्टी उशिरा जाग्या झाल्या. ‘ॲ’ या मराठी अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये. तोपर्यंत कोणी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागविले, कोणी हिंदीतील ‘ऍ’ वापरला. परिणामी ‘ॲरिस्टॉटल’ हे नाव आज जुन्या-नव्या संगणकीय मजकुरात तीन प्रकारे साठविलेले सापडते. त्यांतील दोन डोळ्यांना अगदी सारखी दिसतात, पण यंत्राला ती वेगळी वाटतात. शब्दसूची करणाऱ्याने एक शोधले तर दुसरे निसटते.

याहून नाजूक प्रकरण ‘र’चे आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत मराठी माणूस गफलत करणार नाही. पहिल्यांना व्यासपीठावर बसवावयाचे असते आणि दुसऱ्यांना स्वयंपाकघरात. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांचेही तसेच. हा भेद लिपीत एका लहानशा आडव्या चिन्हावर उभा आहे. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून कितीतरी टंकांत ते चिन्ह नीट बसविलेलेच नव्हते. युनिकोडमध्ये ते दोन मार्गांनी साधता येते : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. दिसावयास दोन्ही एकच. मात्र मजकूर एका आज्ञावलीतून दुसरीत नेताना ते अदृश्य चिन्ह गळून पडले की आचारी आचार्य होतात. ज्ञानेश्वरीची किंवा तुकारामाच्या गाथेची संगणकीय प्रत वापरून शब्दांची वारंवारिता मोजणाऱ्या संशोधकाने प्रथम ही तपासणी केलेली असावी, अशी अपेक्षा गैरवाजवी नाही. प्रत्यक्षात पाठचिकित्सेचे नियम आपण हस्तलिखितांना लावतो. फाईलला लावीत नाही.

आकाराचाही एक प्रश्न आहे. संगणकावर पसरलेल्या बऱ्याच टंकांतील ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. नव्या टंकपद्धतीत मजकूर मराठी आहे असे सांगितल्यास तोच टंक मराठी वळण दाखवू शकतो, म्हणजे तांत्रिक अडचण अशी नाही. पण सांगावयाचे कोणी? राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. पूर्वी यंत्राच्या सोयीसाठी समित्या अक्षरे बदलीत होत्या. आता सवयीने आलेली अक्षरे परतविण्यासाठी शासन निर्णय काढावा लागतो.

आता मूळ वाङ्मयीन प्रश्नाकडे वळू. संकेत आणि आकार वेगळे केल्याने लिपी वाचली. परंतु जोशींसारख्या कवीच्या दृश्यकवितेत आकार हाच आशय असतो. तेथे संकेतांचा क्रम साठविला तर काय साठविले? अरुण कोलटकर हेही जाहिरातक्षेत्रातील नावाजलेले अभिकल्पकार होते, हे येथे आठवावे. त्यांच्या इंग्रजी ‘जेजुरी’त (१९७६) शेवटाकडे एका कवितेत शेतात नाचणारे कोंबडे-कोंबड्या आहेत आणि तेथे शब्द पानावर वर-खाली उड्या मारतात. हा भाग साध्या मजकुराच्या रूपाने साठविला की शब्द सर्व राहतात, नाच जातो. साठोत्तरी अनियतकालिकांच्या बाबतीत प्रश्न आणखी बिकट होतो. सायक्लोस्टाइलची पुसट शाई, हाताने काढलेली शीर्षके, समासात शिरलेली चित्रे हे सारे त्या चळवळीच्या भूमिकेचे भाग होते. प्रस्थापित छापखान्याच्या सुबकपणाला दिलेला तो नकार होता. त्यांचे केवळ छायाचित्र जतन केले तर शब्द शोधता येत नाही. केवळ मजकूर जतन केला तर नकार दिसत नाही. दोन्ही ठेवावे लागतील, आणि छायाचित्रातील कोणती गोष्ट अर्थवाही व कोणती निव्वळ अपघाती हे टिपणांत नोंदवावे लागेल. हे काम यंत्र करणार नाही. ते मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे आहे. मात्र त्यासाठी टंक म्हणजे काय व संकेत म्हणजे काय, हे त्याला कळलेले असावे लागेल.

माझ्या प्रबंधिकेचे पुढे काय झाले, तेही सांगते. कर्वेनगरातच राहणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने दोन रात्री बसून त्या रोमन चिन्हांचा तक्ता तयार केला आणि सर्व मजकूर युनिकोडमध्ये उतरवून दिला. तिला शोधनिबंध म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, मला तक्ता म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. चहाच्या तीन फेऱ्यांत दोघींनाही पुरेसे कळले. प्रकरणे नीट उघडली, अवतरणे जागच्या जागी होती. मुद्रिते तपासताना एवढेच आढळले की पहिल्या प्रकरणात ‘कोऱ्या पानावर’ असे जेथे जेथे होते तेथे ‘कोर्या पानावर’ झाले होते. अशा एकंदर एकशे बारा जागा निघाल्या. त्या मी हाताने दुरुस्त केल्या.