औषधाने एकादशी मोडत नाही

आषाढ शुद्ध एकादशीच्या पहाटे चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहिले, की डोळ्यांत भरतात त्या मस्तकी तुळस घेऊन शेकडो मैल चालत आलेल्या वृद्ध माउल्या. टाचांना भेगा, गुडघ्यांना सूज. परंतु मुखावर केवढे समाधान! आम्ही कीर्तनकार त्या समाधानाचे रसाळ वर्णन करतो आणि गुडघ्यांचा विषय सोडून देतो.

दोन वर्षांच्या खंडानंतर २०२२ साली पायी वारी पुन्हा पंढरीस आली. त्या एकादशीस आमचे कीर्तन रंगात आले असता पुढेच बसलेली एक सत्तरी उलटलेली माउली घेरी येऊन कलंडली. सावध झाल्यावर म्हणाली, "रक्तदाबाची गोळी हाय पिशवीत, पर आज कशी घ्यायची म्हाराज? उपास मोडंल न्हवं." सकाळपासून तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. त्यातले निम्मे कारण तिने आम्हांस सांगितले नाही, आमच्या कुटुंबापाशी सांगितले. वाटेत आडोसा मिळत नाही, म्हणून ती वारीभर पाणीच बेताने पिते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. निर्जळ उपवासाची थोरवी त्याच व्यासपीठावरून आम्हीच वर्षानुवर्षे गात आलो होतो.

वास्तविक शास्त्र इतके कठोर नाही. १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' रचणारे काशीनाथ उपाध्याय, म्हणजेच बाबा पाध्ये, हे आमच्या पंढरपुरचेच. त्यांच्या ग्रंथात एकादशीचे बंधन आठ वर्षांनंतर ऐंशी वर्षांपर्यंतच सांगितले आहे. अशक्तास नक्त, म्हणजे रात्रीचे एक भोजन, किंवा फळे व दूध घेण्याची मोकळीक आहे. व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी आपल्या धर्मग्रंथांत गणल्या आहेत. त्यांत पहिलेच नाव पाण्याचे आहे आणि शेवटचे औषधाचे! हे आम्ही विद्यार्थिदशेत मुखोद्गत केले होते; कीर्तनात मात्र कधी सांगितले नाही.

मधुमेहाचे प्रकरण अधिक नाजूक. रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यावी. परंतु साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्यास साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर एकादशीचा विचार न करता तोंडात साखर किंवा गूळ घालावा आणि दवाखाना गाठावा. म्हणून उपवासाच्या आधीच डॉक्टरांस विचारलेले बरे. गावातील आशाताईंस सांगितले, तर उपकेंद्रात रक्तदाब व साखर दोन्ही तपासून मिळतात.

आणि उपवास का एकच असतो? वर्षाच्या चोवीस एकादश्या, बारा संकष्ट्या, बावन्न सोमवार. काही दिवस एकमेकांवर येतात हे खरे, तरी बेरीज ८८ होते. एरवीच्या दिवशीही घरातील सर्वांचे झाल्यावर जे उरेल ते हिचे. त्यात उपवासाला साबुदाणा! हा टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आमच्या स्मृतिकारांनी तो पाहिलाही नसेल. त्यात जवळजवळ सगळे पिष्टच असते आणि मधुमेह्याची साखर त्याने झरझर वाढते. त्यापेक्षा दूध, ताक, राजगिरा बरा.

शास्त्रातील आणखी एक सोय आम्ही अलीकडे प्रत्येक कीर्तनात सांगतो. ज्यास व्रत झेपत नाही, त्याच्यासाठी प्रतिनिधीने ते करावे; आईसाठी पुत्राने उपवास केला तरी तिचे व्रत घडते. हे ऐकून श्रोत्यांतील तरुण मंडळी माना खाली घालतात, असा आमचा अनुभव आहे.

पुढच्या वर्षी कार्तिकीस ती माउली पुन्हा आली. सोबत मुलगा होता. कीर्तनापूर्वी तिने आमच्या कुटुंबाकडे तांब्याभर पाणी मागितले, पिशवीतील गोळी काढली आणि मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "औंदा एकादशी ह्यानं धरलीया. सकाळपासनं तोंड बघा कसं झालंय त्याचं!"