विरळणी

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात इंदूरच्या आमच्या अंगणात मी शर्ली पॉपी व लार्कस्परचे बी दोरी धरून सरळ ओळींत पेरले. फुले आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हा तर तुमचा जनरल वॉर्डच झाला!"

पुढल्या वर्षी, ऑक्टोबर सरता सरता, आधी लार्कस्परचे बी विखरून त्यावर पाव इंच माती पसरली, कारण त्याला रुजण्यास अंधार लागतो. मग मोहरीहूनही बारीक असे पॉपीचे बी कोरड्या वाळूत मिसळून मुठीने फेकले. वाळूमुळे बी कुठे पडले, कुठे राहिले, ते दिसते. त्यावर माती न लोटता फळीने नुसते दाबले. रोपे हलवायची नाहीत. सोटमूळ दुखावले की पॉपी सहसा जगत नाही.

खरी कसोटी विरळणीची. वीतभर अंतर राखून मधली निरोगी रोपे उपटायची! आयुष्यभर जीव वाचवू पाहणारा माझा हात तिथे अडखळला आणि निम्मा वाफा तसाच दाट राहिला. फेब्रुवारीत त्या बाजूस काडीगणिक जेमतेम एक फूल. विरळलेल्या बाजूस मात्र रोपे फुलांनी लवलेली.

आता उपटण्याचे काम सौभाग्यवतींकडे आहे. मी पाठ फिरवून झारी भरतो.