तंजावरचे पाऊल, दांडिया बाजारची माडी

सार्वजनिक कार्यासाठी निधी जमवावयाचा म्हणजे आपल्याकडे नाटक, नाही तर नाट्यगीतांची मैफल, हा ठरलेला मार्ग. या वर्षी आमच्या वडोदऱ्यातील दांडिया बाजारच्या मंडळींनी गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी नवशिक्यांची नृत्यस्पर्धा ठेवली. स्पर्धकाने निवडलेला नृत्यप्रकार पूर्वी शिकलेला नसावा आणि ओळखीच्या घरांतून निधीची पाकिटे आणावीत, एवढीच अट. अशा प्रसंगी बहुतेक जण चित्रपटातील एखादे गाणे बसवितात आणि आपल्या चुकांवरच हशा पिकवितात. त्यात गैर काही नाही. परंतु टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या आमच्या शेजारच्या त्रेचाळीस वर्षांच्या वहिनींनी भरतनाट्यम् शिकावयाचे ठरविले, तेव्हा हशा आधीच सुरू झाला. "आता या वयात?" हा प्रश्न सासूबाईंनी नव्हे, मैत्रिणींनी विचारला, हे नमूद केले पाहिजे.

वयाचा आक्षेप फारसा टिकत नाही. १९०४ साली जन्मलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी भरतनाट्यमाचा पहिला जाहीर कार्यक्रम १९३५ मध्ये अड्यार येथे केला. त्यांची प्रतिभा वेगळी, साधनाही वेगळी; पण घुंगरू लहानपणीच बांधावे लागतात, हा समज त्यांनी खोटा ठरविला.

"हे दक्षिणेचे, आपले नव्हे," हा दुसरा आक्षेप मात्र आम्हांला लागला, तोही आमच्याच गावात उच्चारला गेला म्हणून. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. त्यांच्याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा आजचा क्रम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजेच पहिल्या चिमणाबाई, सयाजीराव महाराजांशी विवाह करून आल्या आणि तेथील नर्तकीही बडोद्यास आल्या. गौरा आणि कांतिमती ही त्यांची नावे. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे आमच्या विद्यापीठात हीच विद्या शिकविली. वऱ्हाडाबरोबर घरी आलेल्या विद्येला परकी म्हणावयाचे तरी कसे?

गुरुबाईंनी तीन महिन्यांच्या बोलीवर केवळ अलारिप्पू कबूल केला. आरंभ अरमंडीपासून: टाचा जुळवून, पावले बाहेर वळवून, गुडघे दोन्ही बाजूंस उघडीत निम्मे बसावयाचे. हे वळण खुब्यातून यावे लागते. ते न येता पाऊलच ताणून वळविले, तर भार गुडघ्यावर पडतो. वहिनींचे खुबे जेवढे वळत, तेवढ्यावरच गुरुबाईंनी पावलांचा कोन ठरविला. "कमी वळा, पण खरे वळा," एवढेच म्हणाल्या. सुंदर हस्ताक्षराच्या हट्टापायी अक्षरच विसरणारी मुले रोज पाहणाऱ्या आम्हांला ते वाक्य फार आवडले. सिमेंटच्या गच्चीवर पाय आपटण्यास त्यांनी सक्त मनाई केली. तेव्हा जुन्या माडीच्या लाकडी तक्तपोशीवर 'तैया तै' सुरू झाले आणि खाली सासूबाईंच्या ताटात छताची माती पडू लागली.

अलारिप्पूत कथा नाही, गीताचे शब्द नाहीत. बोल आणि ताल एवढेच. उभ्यानेच प्रथम डोळे, मग मान, खांदे, हात, त्यानंतर बैठक. बैठक अवघड जाईल, असा सर्वांचा तर्क होता. अडले ते डोळ्यांपाशी. वीस वर्षे खिडकीमागे मान खाली घालून पावत्या लिहिणाऱ्या बाईंना समोरच्या माणसांकडे सरळ पाहावयाचे होते, आणि तेही कोणतेही काम न सांगता, न विचारता. पाय ताल धरू लागल्यानंतरही कित्येक दिवस नजर जमिनीवरच उतरे. गुरुबाईंनी पंधरा दिवस पाय थांबवून केवळ नजरेचा अभ्यास घेतला. आम्हांला विचाराल, तर तीन महिन्यांतील खरी शिकवणी तीच.

स्पर्धेच्या दिवशी वहिनी पूर्ण बैठकीतून हात न टेकता उठल्या. तिसऱ्या कालात त्या किंचित मागे पडल्या, पण थांबल्या नाहीत, हसल्या नाहीत, आणि नजर शेवटच्या रांगेपर्यंत सरळ गेली. हशा करावयास आलेली मंडळी गप्प बसली होती. पहिला क्रमांक एका तरुणाच्या लावणीस मिळाला. तो योग्यच होता. मैत्रिणींची पाकिटे मात्र कार्यक्रम संपल्यावर, रांग लावून आली.

सोमवारपासून जतिस्वरम् सुरू झाले आहे. सासूबाई आता ताट ओसरीवर मांडतात.