उन्हाळाअखेरचे प्रादेशिक हवामान अनुमान आणि पेरणीचा निर्णय : आसेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव परिसराची शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन, तूर व कपाशी ही येथील खरिपाची प्रमुख पिके होत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा सुरू होतो. तोपर्यंत नांगरट व वखरणी आटोपलेली असते, बियाण्यांची जुळवाजुळव चालू असते आणि शेतकऱ्यासमोर पाऊस केव्हा येणार हा एकच प्रश्न उरतो. या प्रश्नाचे उत्तर तो हवामान अनुमानात शोधतो. परंतु अनुमान विदर्भ या विभागाविषयी किंवा जिल्ह्याविषयी बोलत असते, तर त्याचा प्रश्न स्वतःच्या शेतापुरता असतो. या दोहोंतील अंतर लक्षात न घेतल्यास दुबार पेरणीचे संकट ओढवते. प्रस्तुत लेखात हे अंतर कोणत्या कारणांनी निर्माण होते आणि अनुमानाचे वाचन कसे करावे, याचे विवेचन केले आहे.

उन्हाळाअखेरच्या पावसाचे स्वरूप

मे महिन्यात विदर्भाची जमीन तीव्र तापते. तापलेली हवा वर जाते आणि बंगालच्या उपसागरावरून अथवा अरबी समुद्रावरून आलेले बाष्प तिला मिळाल्यास दुपारनंतर गडगडाटी ढग तयार होतात. अशा ढगाचा विस्तार काही किलोमीटरांचा आणि आयुष्य साधारणतः तासाभराचे असते. त्यामुळे एका शिवारात नांगराची तासे भरून वाहतात, तर शेजारच्या शिवारात धुरळाही बसत नाही.

मान्सूनचा पाऊस याहून वेगळा असतो. त्यात समुद्राकडून येणारा बाष्पयुक्त वाऱ्यांचा प्रवाह वातावरणाच्या बऱ्याच उंचीपर्यंत स्थिर होतो, दिवसाचे तापमान उतरते आणि पाऊस विस्तृत प्रदेशावर पडतो. विदर्भातील जोरदार पावसाचा मोठा भाग बंगालच्या उपसागरातून पश्चिम-वायव्येकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. म्हणूनच मान्सून कोकणात दाखल झाला म्हणजे तो लगेच आसेगावी पोहोचेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. केरळातील आगमनाची सर्वसाधारण तारीख १ जून असली, तरी विदर्भात तो सामान्यतः जूनच्या मध्यास पोहोचतो.

अनुमानाची भाषा

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. विदर्भासाठीचे अनुमान या विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राकडून दिले जाते. त्यातील शब्दांना निश्चित अर्थ आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. याचा अर्थ असा की, ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ हे अनुमान पूर्णतः खरे ठरले, तरी किमान तीन-चतुर्थांश केंद्रे कोरडी राहू शकतात. आसेगावात पाऊस न झाल्यास अनुमान चुकले असे सामान्यतः म्हटले जाते. वस्तुतः ते चुकलेले नसते.

रंगांच्या इशाऱ्यांबाबतही असाच गैरसमज आढळतो. पिवळा, नारिंगी व लाल हे रंग वीज, वादळी वारा, अतिवृष्टी अथवा उष्णतेची लाट यांपासूनचा धोका आणि त्यासाठीची सज्जता दर्शवितात. जमिनीत पेरणीयोग्य ओल होईल की नाही, याचा त्यांच्याशी थेट संबंध नसतो.

मुदत आणि विश्वसनीयता

अनुमानाची मुदत वाढते तशी त्यातील अनिश्चितता वाढते. वातावरणाच्या आरंभस्थितीतील सूक्ष्म फरक पुढे मोठे होतात, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखविले. दैनंदिन हवामानाच्या अनुमानाची मर्यादा सुमारे दोन आठवड्यांची मानली जाते. त्यापुढील विस्तारित अनुमान आठवड्याच्या सरासरीविषयी, म्हणजे पाऊस नेहमीपेक्षा अधिक की उणा एवढेच सांगते. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. तिचे जाळे सहा किलोमीटरचे असून पूर्वीच्या बारा किलोमीटरच्या तुलनेत ही मोठी प्रगती आहे. तथापि सहा किलोमीटरच्या चौकटीतही अनेक शिवारे सामावतात.

२०२५ चा अनुभव

२०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. केरळातील हे आगमन २००९ नंतरचे सर्वांत लवकरचे होते. मे महिन्यात राज्यात अवकाळी पाऊसही भरपूर झाला. त्यामुळे यंदा मृगापूर्वीच पेरणी होईल अशी अपेक्षा निर्माण झाली. परंतु मेअखेरीस मान्सूनची आगेकूच थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत, आणि विदर्भात पुन्हा कोरडे व उष्ण हवामान परतले. कृषी विभागाने त्या काळात पेरणीची घाई न करण्याचे आवाहन केले होते. आगमनाची वार्ता आणि पेरणीयोग्य ओल या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे या वर्षाने स्पष्ट केले.

पेरणीचा निकष

साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यानंतरच पेरणी करावी, अशी शिफारस केली जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. या हिशेबाने ७५ मिलिमीटर म्हणजे साडेसात लाख लिटर. काळ्या भारी जमिनीला खोलवर ओल धरण्यासाठी एवढे पाणी लागते. हलकी मुरमाड जमीन लवकर भिजते, परंतु तितक्याच लवकर वाळते. एका वळिवाने केवळ वरचा थर भिजतो. त्या ओलीवर सोयाबीन अंकुरते आणि पुढे आठ-दहा दिवसांची उघडीप पडल्यास कोंब जागीच करपतो. बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. हंगामही मागे पडतो.

म्हणून निर्णयापूर्वी तीन गोष्टी एकत्र पाहणे इष्ट ठरते : स्वतःच्या शिवारात प्रत्यक्ष झालेला पाऊस, पुढील पाच दिवसांचे जिल्हानिहाय अनुमान आणि त्यापुढील दोन आठवड्यांचा विस्तारित कल. यांपैकी पहिली गोष्ट कोणतेही केंद्र शेतकऱ्यास घरपोच देऊ शकत नाही. महसूल मंडळ स्तरावरील स्वयंचलित केंद्राची नोंदही कित्येक किलोमीटर अंतरावरची असू शकते.

निष्कर्ष

प्रादेशिक अनुमान हे शक्यतेचे विधान आहे. नक्षत्रांचे आडाखे किंवा अक्षय्य तृतीयेला होणारी भेंडवळची घटमांडणी निश्चित उत्तर देऊ पाहते, म्हणूनच ती लोकांना जवळची वाटते. शास्त्रीय अनुमान आपली अनिश्चितता उघडपणे सांगते आणि तेच त्याचे बळ आहे. ही अनिश्चितता समजावून देण्याच्या कामी ग्रामीण महाविद्यालये उपयुक्त ठरू शकतात. भूगोल विभागाने साधे पर्जन्यमापक बसवून दररोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घेतली, ती अनुमानाशेजारी फलकावर लिहिली आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावची नोंद तिला जोडली, तर काही वर्षांत परिसराचा स्वतःचा पर्जन्य-अभिलेख तयार होईल. पेरणीचा निर्णय अखेर शेतकऱ्याचाच असतो. तो घेताना त्याच्या हाती स्वतःच्या शिवाराची मोजलेली नोंद असावी, एवढे साहाय्य शिक्षणसंस्थेच्या आवाक्यातील आहे.