नदी आणि नळ

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गांवांची मिळून १९७० सालीं नगरपालिका झाली व १९८२ सालीं महानगरपालिका. त्यापूर्वींच, १९५४ सालीं, पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला होता. परदेशांतून आणावें लागणारें औषध आपल्या गांवीं होऊं लागलें, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु कारखान्यांमागून माणसें येतात, आणि माणसांस पाणी लागतें.

पवना धरणाचें पाणी नदींत सोडून रावेतच्या बंधाऱ्याजवळ उपसावयाचें, ही येथील जुनी रीत. वाटेंत तें झिरपतें, आटतें, गढूळ होतें. बंद नळांतून आणल्यास वांचतें. हिशेब बिनचूक खरा! पण मावळांतील शेतकऱ्याचा पंप त्याच वाहत्या पाण्यावर चालतो, त्याचें काय? ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें या योजनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला व तीन माणसें प्राणांस मुकलीं. पुढें योजना कित्येक वर्षें स्थगित राहिली.

शहरांत तोटी फिरविली कीं पाणी येतें. तें कोठून येतें, हें आम्हीही क्वचितच विचारतों. आमच्या मतें दोष नळाचा नव्हे. ज्यांच्या बांधाशीं नदी वाहते, त्यांची खात्री पटण्याआधींच काम पुढें रेटलें, तेथें चूक झाली.