चोकचा हिशेब

स्पाइसची पन्नाशी 2023 मध्ये उलटली, पण आमच्या आदिलाबादेत ती कुणाच्या गावीही नव्हती. सर्किट बांधण्याआधी ते कसं वागेल हे संगणकाला विचारायची ही सोय बर्कलेच्या लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी 1973 मध्ये जगापुढे मांडली. पुढची पंचवीस वर्षं आमच्यापुरती कोरडीच गेली. पैनगंगेच्या या काठाला चोक म्हणजे जिनिंगच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडची उरलेली तार मागून आणायची आणि फेराइटवर गुंडाळायची.

खरं दशक आलं ते 2000 नंतर. माइक एंगेलहार्ट यांचं स्पाइसच्याच घराण्यातलं सॉफ्टवेअर लिनिअर टेक्नॉलॉजी फुकट देत होती. तेव्हा ते स्विचरकॅड थ्री होतं, 2008 मध्ये एलटीस्पाइस फोर झालं. नागपूरहून एकाने सीडी आणली की बेला-जैनथच्या पोरांपर्यंत ती फिरायची.

त्यात 1 मिलिहेन्रीचा चोक आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांचा फिल्टर मांडा. 5 किलोहर्ट्झच्या आसपास पडद्यावरचं शिखर आभाळाला भिडतं. तारेचा 1 ओहम रोध लिहा, ते 30 डेसिबलवर बसतं. गाभ्यात जिरणाऱ्या ऊर्जेपोटी चोकला समांतर 316 ओहम जोडा, ते 18च्या आत येतं. पण याची किंमत मोजावी लागते: 50 किलोहर्ट्झच्या वर फिल्टरचा उतार दर ऑक्टेव्हला 12 डेसिबलचा उरत नाही, 6वर येतो. आमच्या टेबलावर हेच दिसायचं. शहरातले एक बडे प्राध्यापक मात्र आमचे आकडे पाहून म्हणाले, मीटर बदला. त्यांच्या कागदावरच्या चोकमध्ये रोध नावालाही नव्हता!

गंमत अशी की सॉफ्टवेअर त्यांच्यापेक्षा शहाणं होतं. एलटीस्पाइस न विचारता चोकमध्ये 1 मिलिओहम घालायचं, वर थोडं समांतर डॅम्पिंगही द्यायचं. स्विचिंग सप्लायचं गणित त्यामुळे सुरळीत सुटे. काटेकोर फिल्टर करणाऱ्याने मात्र ‘हॅक्स’च्या पानावर जाऊन त्या डॅम्पिंगची खूण काढायची आणि चोकचे खरे आकडे स्वतः भरायचे. हे पान माहीत असणं ही त्या काळी आमची ऐट होती.

आता साधनांची ददात नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम फुकट आहे, 2023 मध्ये एंगेलहार्ट यांनीच क्यूस्पाइस आणलं. आटली ती खाज. पोरं कंपनीचं तयार मॉडेल उतरवतात, गुळगुळीत आलेख प्रोजेक्टच्या वहीत डकवतात. एलसीआर मीटर कपाटात कुलूपबंद. रिवाइंडिंगवाल्याकडे तार मागायला आता कुणी फिरकत नाही. सॉफ्टवेअरने गुपचूप काय घातलं हे ठाऊक नसेल, तर तो आलेख फक्त देखणा. माझ्या हाती असतं, तर मोजलेला रोध खाली लिहिल्याशिवाय एकाही आलेखाला मार्क दिला नसता.